क्लाइंबमधला ब

इंग्रजी भाषेशी माझं वैर एका अक्षरापायी आहे. ते अक्षर म्हणजे ‘क्लाइंब’ या शब्दाच्या शेवटचा ब. तो लिहायचा असतो, बोलायचा नसतो. पंगतीला बोलावून पान न मांडलेल्या पाहुण्यासारखा तो शब्दाच्या टोकाला अवघडून बसलेला असतो. हा बिनकामाचा ब मी तेराव्या वर्षी माझ्या वडिलांच्या तोंडात कोंबला आणि पुढे चूक कळल्यावरही तो काढला नाही. एवढीच ही हकीकत आहे. वाचून झाल्यावर ‘लहानपणी मुलं असं करतातच’ म्हणून माझी समजूत घालायला कुणी येऊ नये. तेराव्या वर्षी केलं ते पोरपण होतं. पुढे केलं ते जाणूनबुजून केलं.

आमचं गाव पोशीर, नेरळजवळचं. खाली भाताची खाचरं आणि वर माथेरानचा डोंगर. पावसाळ्यात सगळं गाव खाली असायचं, बाकीचे महिने निम्मे पुरुष वर. कुणी हॉटेलात भांडी घासायला, कुणी घोड्यामागे पळायला, कुणी हातरिक्षा ओढायला. याला आमच्याकडे कामावर जाणं म्हणत नसत, चढणं म्हणत. “तुझा बाबा चढला काय रं?” “परवाच चढला.” “उतरनार कवा?” “शिमग्याला.” मराठीत ताप चढतो, भाव चढतो, दारू चढते, नवरा बोहल्यावर चढतो. आमच्या गावात नुसता माणूस चढायचा, आणि कुठे चढला हे कुणी विचारत नसे. सोयरीक ठरवताना मुलीचा बाप एवढंच विचारायचा, “पोरगा चढतो ना?” चढत असेल तर चूल पेटेल, असा त्याचा अर्थ.

माझे बाबा हातरिक्षा ओढायचे. एक माणूस पुढे दांड्यांमध्ये, दोघे मागून ढकलायला. बाबा पुढे असत. गोरे लोक हवा खायला यायचे तेव्हापासून ते या कामावर होते. त्यांना सही येत नव्हती, अंगठा उठवायचे. पण कानाने उचललेलं दहा-बारा शब्दांचं इंग्रजी त्यांच्याजवळ होतं आणि ते त्यांनी सणाच्या कपड्यांसारखं जपलं होतं. चढ आला की मान मागे वळवून ते रिक्षातल्या बाईला सांगायचे, “लिट्‌ल क्लाइम, मेमसाब, देन टी.” आता जरासा चढ आहे, मग चहा मिळेल. हे वाक्य त्यांना एका म्हाताऱ्या मडमेने शिकवलं होतं. दर उन्हाळ्यात ती त्यांच्याच रिक्षात बसायची आणि शब्द नीट येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची. गोरे गेले, मुंबईचे शेठ यायला लागले, तरी वाक्य राहिलं. पाहुणे ते ऐकून खूश व्हायचे, पुढच्या वर्षी येऊन बाबांनाच शोधायचे. रिक्षावाल्यांत त्यांना जो काही मान होता तो या एका वाक्याचा होता.

आठवीत मला इंग्रजी सुरू झालं आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. गावात इंग्रजी शिकणारी आम्ही तीन-चारच मुलं. बाबांना मी तोपर्यंत ‘तू’ म्हणायचो, ते एकदम ‘तुम्ही’ म्हणायला लागलो, कारण पुस्तकात तसं होतं. शाळेत आमचे इंग्रजीचे सर स्वतः पुस्तकातूनच इंग्रजी शिकलेले. अक्षर दिसलं की ते उच्चारायचं, असा त्यांचा सरळ कारभार होता. बिचाऱ्यांनी गोरा माणूस जवळून पाहिलाही नसेल. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी ‘क्लाइंब’ शिकवलं, मी ‘क्लाइंब’ पाठ केलं.

त्या श्रावणात बाबा उतरलेले होते. लावणी आटपली होती. दुपारी ओटीवर शेजारचे काका येऊन बसले होते. हे काका बाबांच्याच रिक्षाला मागून हात लावायचे. बोलता बोलता बाबांनी आपलं वाक्य म्हटलं, आणि मी हातातलं पुस्तक घेऊन मध्ये पडलो.

“बाबा, ते चुकीचं आहे.”

“काय चुकीचं?”

“क्लाइम नाही. क्लाइंब. शेवटी ब आहे. हा बघा.”

बाबांनी तळहात धोतराला पुसला आणि मी दाखवलेल्या अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “पन मडम तं क्लाइम बोलायची रं. मी कंदीच ब ऐकला नाय.”

“तुम्हांला वाचता येत नाही. कानावर पडलं ते उचललंत. इथे छापलंय. छापलेलं खोटं असतं का?”

हे शेवटचं वाक्य मी सरांच्या आवाजात म्हणालो होतो. काका मांडीवर थाप मारून हसले. “घे! इतकी वर्सं चुकीचं बोलत व्हतास आनि आमी खुळे तुला सायब समजत व्हतो.”

मला वाटलं होतं बाबा खट्टू होतील. खरं सांगायचं तर ते व्हावेत असंच मला हवं होतं. पण त्यांचा चेहरा उजळला. ते काकांना म्हणाले, “मडमेला नाय कळलं ते माझ्या पोराला कळलं. बघ, शाळा काय असते ती.” त्यानंतर चार दिवस, बैलाला पाणी दाखवताना, पेंढ्याची वेठ वळताना ते पुटपुटत होते, “क्लाइंब. क्लाइंब.” त्यांना ते जड जात होतं. ‘क्लाइम’ म्हटलं की ओठ मिटतात आणि काम संपतं. ब म्हणायचा तर मिटलेले ओठ पुन्हा उघडावे लागतात. बाबांनी ती सवय लावून घेतली. दसऱ्याला चढले ते नवा शब्द घेऊनच.

मॅट्रिक झाल्यावर मी इकडेतिकडे किरकोळ कामं केली. तोवर मोहोपाड्याच्या बाजूला रसायनांचे कारखाने उभे राहिले होते. त्यांतल्या एकात कारकुनाच्या जागेसाठी मला मुलाखतीला बोलावलं. बाबा त्या दिवशी खास माझ्यासाठी उतरले होते. निघताना त्यांनी माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि म्हणाले, “घाबरू नको. तुझ्यासारखं इंग्लिस त्यांनापन येत नसंल.”

टेबलापलीकडे तिघं होते. सुरुवात बरी झाली. मग एकाने इंग्रजीतून विचारलं, वडील काय करतात? हातरिक्षा ओढणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे त्या कामाला जो शब्द होता तोच मी इंग्रजीत केला. “माय फादर क्लाइंब्स माथेरान, सर.” मी ब स्पष्ट उच्चारला. त्याच ब साठी तर मी वर्गात पहिला यायचो.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, “पुन्हा म्हणा.” मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी मोठ्याने म्हटलं. मग ते हसले. दुष्टपणाने नव्हे, जेवणानंतर माणसं हसतात तसे. त्यांच्यातल्या वयस्काने चष्मा काढून डोळे पुसले आणि मराठीत सांगितलं, “अहो, तो ब सायलेंट असतो. क्लाइम म्हणायचं.” मग फाइल मिटता मिटता म्हणाला, “वडील चढतात तर मुलगाही चढेल. टाकीच्या शिडीसाठी माणूस हवाच आहे आपल्याला.”

अशी मला नोकरी लागली. कारकुनाची नव्हे, हेल्परची. टाकीच्या शिडीवरून वर चढायचं, आतली पातळी बघून यायची, वहीत लिहायची. मी खुर्चीसाठी गेलो होतो, शिडी घेऊन आलो.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओटीवरच उभे होते. नोकरी लागल्याचं सांगितल्यावर त्यांनी आत हाक मारून आईला गूळ आणायला लावला. मग जवळ येऊन विचारलं, “काय काय इचारलं रं?”

“शिक्षण विचारलं. गाव विचारलं. वडील काय करतात ते विचारलं.”

“मंग? काय सांगितलंस?”

आता खरं काय ते सांगायचं होतं. सांगायचं होतं की बाबा, मी तुमचंच काम सांगितलं, न लाजता सांगितलं, फक्त एक अक्षर जास्त बोललो आणि ते हसले. मडम बरोबर होती, तुम्ही बरोबर होतात, मी चुकलो. ते कदाचित हसले असते. पण माझ्या कानात त्या तिघांचं हसणं अजून होतं, आणि चूक माझी निघाली हे मला सोसेना. मी म्हणालो, “शेती करतात म्हणालो.”

“शेती?” बाबा म्हणाले. आमची दोन खाचरं होती, त्यांतलं एक दुसऱ्याचं. मग म्हणाले, “बरं केलंस. शेती बरी वाटते ऐकायला.” आणि पाणी प्यायला आत गेले.

मला रिक्षाची लाज वाटली असं त्यांना वाटलं. मी ते वाटू दिलं. मला लाज ब ची वाटत होती, पण बापाला दुखावणं मला सोपं गेलं आणि आपली चूक कबूल करणं जड गेलं. माणूस म्हणून माझी किंमत काय ते त्या दिवशीच कळायला हवं होतं. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि खाल्लासुद्धा.

त्यानंतर पुढच्या शिमग्याला काका मला एकट्याला गाठून म्हणाले, “तुझ्या बाबाला सांग रं, तो ब काढ म्हनावं. पावनी हसतात. पोरं तं मागून ओरडतात, क्लाइंबा, क्लाइंबा! मी सांगितलं तं बोलतो, माझा पोरगा शिकलाय, मुंबैचे लोक काय शिकलेत?” मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. पुढे काकांनीही विषय काढला नाही. वर्षा-दोन वर्षांत माथेरानच्या रिक्षावाल्यांत बाबांना त्या शब्दानेच हाक मारायला लागले, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. तोही शब्द त्यांनी सहन केला, कारण तो मी दिला होता.

माझं लग्न झालं, मोहोपाड्याला कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या. बाबा कधीतरी येत. येताना धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. शेजारच्यांनी विचारलं, “काय करता आजोबा?” की माझ्याकडे न बघता सांगत, “शेती.” एकदा तर एका शेजाऱ्याने भाताच्या कुठल्याशा नव्या जातीबद्दल विचारलं आणि बाबांची त्रेधा उडाली. आयुष्याचे आठ-आठ महिने दांड्यांत घालवलेला माणूस भाताच्या जातीवर काय बोलणार? ते काहीतरी बोलत राहिले, मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. त्यांच्या तळहातांवर दांड्यांचे घट्टे होते, दोन्ही हातांना एकाच जागी. नांगराने तसे पडत नाहीत. बघणाऱ्याला कळत असेल तर असो.

मी मात्र कारखान्यात रोज चढत होतो. शिडी उभी, साठ पायऱ्यांची. पावसात लोखंड निसरडं होई. दोन्ही हातांनी गच्च धरायचं, एक हात सोडला की दुसरा धरलेला हवा, वर बघायचं नाही, खाली तर नाहीच. बाजूच्या पाइपांवर कुणी चढू नये म्हणून लाल अक्षरांत ‘डू नॉट क्लाइंब’ असा इंग्रजी बोर्ड लावला होता. पेंटरचा जागेचा अंदाज चुकला असावा, आधीची अक्षरं दाटीवाटीने होती आणि शेवटचा ब चांगला ऐसपैस. ज्याला बोलायची परवानगी नाही त्याला सगळ्यांत जास्त जागा. पाळीला गेलो की पहिलं दर्शन त्याचं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या आहेत.

मुलगी पाचवीत गेली तेव्हाची गोष्ट. तिच्या शाळेत बाई चांगल्या होत्या, मुंबईत शिकलेल्या. बाबांचे गुडघे तोपर्यंत गेले होते, चढणं बंद झालं होतं, आणि ते महिनाभर आमच्याकडे राहायला आले होते. ती खिडकीत बसून मोठ्याने धडा वाचत होती. मी दाढी करत होतो. तिने वाचलं, “क्लाइम.”

“क्लाइंब,” बाबा म्हणाले. किती दिवसांनी त्यांना कुठल्या तरी इंग्रजी शब्दाबद्दल बोलता आलं होतं, ते सरसावून बसले. “ब हाय गं शेवटी. बघ, पुस्तकात बघ.”

“आजोबा, तो बोलायचा नसतो. बाई म्हणाल्या.”

“तुझ्या बाईला काय म्हायती? मी सायबांना फिरवलंय. मीपन पयला क्लाइमच बोलायचो. मंग तुझ्या बापानंच मला...”

आणि मुलगी माझ्याकडे वळली. “बाबा, कोण बरोबर?”

माझ्या अर्ध्या गालावर फेस होता. आरशात मला ती दिसत होती, तिच्यामागे बाबा. मी म्हणालो, “दोन्ही चालतं.”

“दोन्ही कसं चालेल?” ती म्हणाली. “बाई छडी मारतात ब म्हटलं की.”

बाबा आरशातून माझ्याकडे बघत होते. त्या माणसाने जन्मभर पाहुण्यांच्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं कोण दमलंय, कोण रागावलंय, कोण उगाच हसतंय. माझं तोंड वाचायला त्यांना अक्षरांची गरज नव्हती. मला वाटतं त्या क्षणी त्यांना सगळं समजलं. मडम समजली, मुंबईची पोरं समजली, क्लाइंबा समजलं. मुलाखतीचं समजलं की नाही, देव जाणे. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझंच बरोबर हाय गं. माझंच चुकलं. अडानी मानूस मी, कुठूनतरी ऐकून उचललं.”

“पण तुम्ही म्हणालात, बाबांनी...”

“नाय गं. तुझा बाबा कशाला चुकीचं शिकवंल?”

मुलगी हसली. पुन्हा वाचायला लागली. मी उरलेली दाढी केली. बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. त्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी एकही इंग्रजी शब्द ऐकला नाही. आजारपणात डॉक्टरांनी इंग्रजीत काही विचारलं तर माझ्याकडे बघायचे. मी एकदा, अगदी शेवटी, त्यांच्या उशाशी बसून म्हणालो, “बाबा, ते क्लाइमचं...” त्यांनी हात हलवला. “जाऊ दे रं,” म्हणाले. मला सुटका मिळाली, आणि मी ती लगेच घेतली.

ते गेल्यावर वर्षभराने कर्जतला स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मला एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश दिसला. पाठीचा पुठ्ठा निघालेला, पानं वाळवीने किंचित खाल्लेली. शब्दांचं मूळ देणारा होता तो. मी तिथेच उभ्याउभ्या तो शब्द काढला. त्यात होतं की हा शब्द फार जुना. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज लोक त्यातला ब चक्क उच्चारायचे. मग तोंडातला ब हळूहळू मेला, लिहिण्यातला राहिला. आणि पुढे असं होतं की या शब्दाचं नातं वर जाण्याशी मागाहून जुळलं. मूळ घराणं चिकटण्याचं, धरून ठेवण्याचं. कारल्याचा वेल मांडवाला धरत धरत जातो, तसं हाताने घट्ट धरून वर जाणं.

रद्दीवाला विचारत होता, घेणार का. पहिला विचार मनात काय आला ते सांगतो, म्हणजे मी कोण आहे ते कळेल. पहिला विचार आला, म्हणजे मी बरोबर होतो! हजार वर्षांपूर्वी का होईना, ब होता! बाप मरून वर्ष झालेलं आणि मी अजून स्वतःला पास करून घेत होतो. मग मला त्यांचे हात आठवले, दोन्ही तळहातांवर एकाच जागचे घट्टे. त्या शब्दाचा खरा अर्थ त्या हातांना चांगला माहीत होता. त्यांनी जन्मभर दांडा धरून ठेवला, आणि माझं एक चुकीचं अक्षरही तसंच धरून ठेवलं, मी दिलं म्हणून. मी चढलो तो त्यांना धरून, आणि वर गेल्यावर पहिलं काही सोडलं असेल तर त्यांनाच. शब्दकोश मी घेतला नाही. घरात ठेवला असता तर रोज दिसला असता.

आता मुलगी कॉलेजला जाते. परवा तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, माथेरानला जायचं ठरत होतं. चहा पिता पिता ती म्हणाली, “आमचे आजोबा ना, शेती करायचे, पण इंग्लिश बोलायची भारी हौस! क्लाइंब म्हणायचे, क्लाइंब. मला उलट रागवायचे, ब का नाही म्हणत म्हणून.” तिने बाबांचा आवाज हुबेहूब काढला. सगळ्या मुली हसल्या. बायको आतून हसली. मग मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “हो ना हो, बाबा? असंच म्हणायचे ना आजोबा?”

“हो,” मी म्हणालो, “असंच म्हणायचे.” आणि त्या सगळ्यांबरोबर मीही हसलो.